झऱ्याच्या वरचं गवत

बिदरला झरणी नरसिंहाचं दर्शन घ्यायचं तर भुयारातून पाण्यात चालत जावं लागतं. पाणी आधी कमरेला लागतं, मग छातीला. डोक्यावर वटवाघळं, हाताखाली खडबडीत जांभा, आणि पुढच्या-मागच्या भाविकांचा नामघोष त्या बोळात घुमत असतो. माझ्यापुढे भालकीकडच्या एक आजी होत्या, मुलाच्या दंडाला धरून चाललेल्या. मी विचारलं, "आजी, एवढं पाणी येतं कुठून?" त्या मागे न बघताच म्हणाल्या, "द्येवाचं हाय, येतंय."

मी मात्र देवाच्या वर काय आहे ते बघायला आलो होतो.

बिदर जांभ्याच्या पठारावर वसलंय, समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार फुटांच्या आसपास. जांभा सच्छिद्र. पाऊस त्यात मुरतो, खालच्या काळ्या पाषाणाशी अडतो आणि पठाराच्या कडेला वाट फुटेल तिथून बाहेर येतो. झरणी तशीच, गुरुद्वारा नानक झिऱ्याचा झरा तसाच, पापनाशचाही तसाच. या शहरातली माणसं जिथे आंघोळीला, नवसाला, लंगरात जेवायला, पोरांना घेऊन नुसतं बसायला जमतात, त्या जागा या पाण्यानेच आखून दिल्या आहेत. नगररचनाकार नंतर आले.

बहमनी सुलतानांनी पंधराव्या शतकात राजधानी गुलबर्ग्याहून इथे हलवली, तेव्हा त्यांच्या पदरच्या जाणकारांनी हेच गणित ओळखलं. जांभा आणि पाषाण यांच्या सांध्यातलं पाणी धरून त्यांनी जमिनीखालून, उताराच्या बेताने, गावाकडे नेलं. इराणी पद्धतीचा हा करेझ. लोक त्याला सुरंग बावी म्हणतात. नौबादला त्याची वरून उघडी तोंडं एका रांगेत दिसतात. त्यांतूनच खोदणाऱ्यांना हवा मिळायची आणि गाळ उपसता यायचा. दहाएक वर्षांपूर्वी प्रशासनाने त्यातला गाळ काढायला घेतला, तेव्हा गावकऱ्यांनाही आपल्या पायाखाली काय आहे ते नव्याने दिसलं. मी एका तोंडाशी वाकून बघत होतो. शेजारी नव्या घरांचे पाये खणणं चालू होतं.

पाणी खाली निघतं, पण मुरतं वर, माळावर. म्हणून दुसऱ्या दिवशी पहाटे होन्निकेरीच्या राखीव जंगलाकडे निघालो. जंगल हे नाव कागदावरचं. बराचसा भाग गवताळ माळ आणि खुरटी झुडपं. डिसेंबर असल्याने कुसळी पिकलेली होती. शंभर पावलांत मोजे सुयांनी भरले. सूर्य वर आला आणि समोरच्या उतारावर काळविटांचा कळप दिसला: विटकरी माद्या, आणि बाजूला मान ताठ करून उभा असलेला काळा नर. त्याच्या डोक्यावरून हवाई दलाचं प्रशिक्षण विमान कानठळ्या बसवत गेलं. त्याने शेपूटही हलवली नाही. मी उभा राहिलो, तर मात्र सगळा कळप क्षणात माझ्याकडे वळला.

हे जनावर नजरेवर जगतं. लांडगा दुरून दिसला तर ते पळून सुटतं, दाट झाडोऱ्यात दिसत नाही म्हणून तिथे शिरत नाही. त्यामुळे वन्यजीव मार्ग म्हटल्यावर नकाशावर दोन हिरवे ठिपके जोडणारी झाडांची पट्टी काढायची जी सवय आहे, ती इथे उलटी पडते. काळविटाला ती पट्टी भिंत आहे. जमिनीवर घरटं करणाऱ्या चंडोलाला आणि धाविकाला झाड म्हणजे कावळ्याची टेहळणीची जागा. थंडीत इथे येणारे भोवत्या ससाणे रात्री गवतातच जमिनीवर झोपतात, त्यांना तर उभं गवतच लागतं. तरीही माळ दिसला की आपले हात शिवशिवतात: चर खणा, खड्डे घ्या, रोपं लावा. सोलापूरजवळ नान्नजला 1979 मध्ये माळढोक पक्ष्यासाठी अभयारण्य झालं, आणि त्याच्या माळावरही गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड झालेली होतीच. सरकारदरबारी माळाची नोंद पडीक म्हणून होते. पडीक म्हटलं की काहीतरी करून दाखवणं आलंच.

मेंढरं घेऊन आलेले एक धनगर मामा भेटले. त्यांनी माझ्या मोज्यांकडे बघून आधी हसून घेतलं. मग म्हणाले, "झाडं लावली की खाली गवत मरतंय. हरण जातंय हरभऱ्यात, आन् शिव्या खातंय. माझी मेंढरं कुठं न्यायची, ते सांगा." माळ हीच त्यांची सार्वजनिक जागा. तिथे बाक, कमान आणि सेल्फी पॉइंट करायचा कुणाचा बेत असेल, तर त्याने आधी या मामांबरोबर एक दिवस चालावं.

या माळापासून चिंचोळीच्या रानापर्यंत जनावरांना वाट कुठून मिळेल ते बघत पुढे चिंचोळीच्या रस्त्याला लागलो. मन्नाएखेळीला सोलापूर-हैदराबाद महामार्ग आडवा येतो, चारपदरी, मधे दुभाजक. पेंचजवळ नागपूर-जबलपूर रस्ता खांबांवर उचलून वाघांना खालून वाट दिली आहे आणि ती चांगली चालते. काळविटाला असला बोगदा चालेल असं मला वाटत नाही. अमेरिकेत वायोमिंगमध्ये ट्रॅपर्स पॉइंटला 2012 मध्ये वरून जाणारे रुंद पूल आणि खालून जाणारे बोगदे दोन्ही बांधले. उघड्या माळावरचा, हरणासारखा प्राँगहॉर्न जवळजवळ नेहमी पुलावरूनच गेला. बोगदे वापरले ते खेचरी हरणांनी. शिवाय प्राँगहॉर्न कुंपणावरून उडी मारण्यापेक्षा खालून सरकतो, म्हणून तिथे खालची तार बिनकाट्याची ठेवून दीडेक फूट उचलतात. काळवीटही तारेखालूनच जायला बघतं. कोट्यवधींच्या पुलाआधी एक तार उचलणं परवडेल.

चिंचोळीचं अभयारण्य 2011 चं, सुमारे 135 चौरस किलोमीटर. चंद्रमपल्लीचं धरण, तांडे, पानगळीची राने. तिथे झाडंच हवीत. छान आहे, पण अशा रानाला अभयारण्य मिळणं सोपं. गवताच्या नशिबी ते क्वचित येतं. कर्नाटकाने कोप्पळ जिल्ह्यात बंकापूरला लांडग्यांसाठी केलं, तेही 332 एकरांचं.

होन्निकेरी आणि चिंचोळी यांच्या मधे उरतात ती गायरानं, ओढ्याचे काठ, शेतांचे बांध. आणि तूर. कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना तिचीच काढणी चालू होती. एका शेताच्या कडेला कुंपणाच्या तारेत वीज सोडणारं झटका मशीन लावलेलं दिसलं म्हणून थांबलो. मालकाचं आजोळ हुमनाबादचं, त्यामुळे मराठी चांगली. मी बांधांची, ओढ्याची, हरणाच्या वाटेची गोष्ट काढली. त्याने पुरतं ऐकून घेतलं.

"वाट द्यायला ना नाही," तो म्हणाला. "पण ती माझ्याच बांधावरनं का? पलीकडं गायरान होतं, त्यात कुणी शेड टाकलं, कुणी प्लॉट पाडले. त्यांना आधी इचारा."

मग मशीनची वायर गुंडाळता गुंडाळता त्याने हिशेब सांगितला. बांधावरचं गवत तो दरसाल कापून बैलांना घालतो. ते उभं ठेवायचं असेल, तर तेवढ्या कडब्याचे पैसे बाजारभावाने मिळावेत, आणि काढणीआधी मिळावेत. "हरभऱ्याची नुकसानभरपाई वेगळी," त्याने बजावलं. "ती ह्यात धरू नका."