जंगुबाईच्या डोंगरात एक दिवस

जिवतीला आमच्या खालाजानचे सासर. दरवेळी बोलावणे यायचे आणि दरवेळी आम्ही रस्त्याचे कारण सांगायचो. यंदा पौषात निघालोच. राजुरा, गडचांदूर मागे पडले, सिमेंट कारखान्यांची धूळ संपली आणि गाडी माणिकगड पहाड चढू लागली. जुना किल्ला वाटेतच आहे. पण वळणांनी मुले बेजार झाली होती, उतरलो नाही.

खालूजानचे वडील 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून या पहाडावर आले. तेव्हा अशी कितीतरी कुटुंबे आली. पहिल्या वर्षी ज्वारीचे बी शेजारच्या गोंडाने दिले. त्याच घरच्या मंडळींबरोबर आम्ही जंगुबाईला गेलो.

हे ठिकाण महाराष्ट्र आणि तेलंगणाच्या अगदी सीमेवर, परंदोली-कोटा या भागात आहे. दोन्ही राज्ये हक्क सांगतात अशी चौदा गावे याच पट्ट्यात. तिथल्या लोकांजवळ दोन-दोन रेशनकार्डे. यात्रेला मात्र सीमा नाही. गोंड, कोलाम, परधान पौषभर इकडून तिकडून येतात, कुणी बैलगाडीने, कुणी पायी. दर्शन डोंगराच्या पोटातल्या गुंफेचे. जपानमध्ये मिवा नावाचा डोंगर आहे. तिथल्या देवस्थानाला मुख्य गाभाराच नाही, लोक डोंगरालाच देव मानतात. इथे उभे राहिल्यावर ते वाचलेले आठवले.

आम्ही चपला काढून दुरूनच गुंफा पाहिली. आत दिवा तेवत होता. आमचा धर्म वेगळा, पण ज्यांचे ते पवित्र ठिकाण त्यांच्यासमोर आवाज खाली ठेवायला शिकवावे लागत नाही. धाकटा तेवढा विचारत राहिला, "अम्मी, आत का नाही जायचं?" त्याला जवळ घेतले.

आमची खरी धास्ती जेवणाची होती. बकऱ्याचा प्रसाद शिजत होता आणि नाही म्हटले तर यजमानांचे मन दुखावणार. घरातल्या म्हाताऱ्या आजीने मात्र आधीच तीन दगडांची वेगळी चूल मांडून भात आणि बेसन केले होते. "तुमच्या सासऱ्यानंबी कधी नाही घेतलं," ती खालाजानला म्हणाली, "आमाले मालूम हाय." जोहरची वेळ झाली तेव्हा तिच्याच नातवाने ओढ्याकाठची सपाट जागा झाडून दिली.

परतताना त्या घरच्या आजोबांनी विचारले, "पट्ट्याचं काय झालं?" त्यांना 2006 च्या वनहक्क कायद्याने पट्टा मिळाला आहे. आदिवासी नसलेल्यांना मात्र 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे 75 वर्षांचा वास दाखवावा लागतो. 1972 ला आलेल्याने तो कुठून आणायचा?

खालूजान म्हणाले, "पुन्हा अर्ज करतो."

"कर. साक्षीले मी येतो," आजोबा म्हणाले आणि बैल जुंपायला गेले.