मोटारींतील मुकी खोबण

मातोश्री रुग्णालयांत असतां एके रात्रीं आम्ही मोटारीनें तिकडे निघालों. मोबाईल विझला, म्हणून सिगारेट पेटविण्याच्या खोबणींत चार्जर बसविला. पण खोबण मुकी! चार्जरास दोष देऊन आम्हीं वाटेंत दुसरा घेतला. (चूक दुसऱ्याची काढण्याची शिक्षकास संवयच!) तोही व्यर्थ. मोटार थांबवून विजेरीनें पाहिलें, तों तळाशीं रुपयाचें नाणें, आमच्याच हातून पडलेलें. मधलें धन टोंक व भोंवतालचें ऋण कडें त्यानें जोडलीं जाऊन १५ अँपिअरचा फ्यूज वितळला होता. तेथें तार घालण्याचा मोह झाला. पण मग फ्यूजऐवजीं मोटारच जळती! चिमट्यानें नाणें काढून तितक्याच अँपिअरचा राखीव फ्यूज बसविला. मोबाईल जागा झाला. मातोश्रींनीं चार वेळां आम्हांस बोलाविलें होतें.