धावणे आणि धावून जाणे

दिल्लीत नोकरीनिमित्त राहणाऱ्या मराठी माणसाला 'आपण कोठे राहता?' असे विचारले, की तो सरोजिनीनगर, रामकृष्णपुरम, लोधी वसाहत असे काहीतरी भारदस्त सांगतो. आम्ही 'हिंदूराव' असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मुद्रेवर काळजी उमटते. दिल्लीकराला हिंदूराव म्हणजे रुग्णालय एवढेच ठाऊक असते. तेव्हा 'घरी कोणी आजारी आहे का?' हा त्याचा पुढचा प्रश्न. मग आम्हांस खुलासा करावा लागतो की, हिंदूराव हे मुळात एका माणसाचे नाव आहे आणि तो माणूस आमच्या गावचा होता. कागलकर घाटग्यांच्या घराण्यातला, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचा भाऊ. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ साली खून झाला आणि त्याची टेकडीवरची कोठी पुढे हिंदूरावांकडे आली. आमच्या गावचा एक माणूस दिल्लीत येऊन टेकडीच्या माथ्यावर कोठी घेऊन बसला. आणि पावणेदोनशे वर्षांनी त्याच गावचा दुसरा माणूस, केंद्र सरकारचा कारकून होऊन, त्याच टेकडीच्या पायथ्याशी मलकागंजात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहिला. यात कागलची प्रगती झाली की अधोगती, हे वाचकांनीच ठरवावे.

कोठी आमच्या वाट्यास आली नाही, परंतु टेकडी आली. पहाटे साडेचारच्या सुमारास तिच्यावर हक्क सांगणारे आम्ही, मोर आणि माकडे एवढेच असतो. गेली काही वर्षे आम्ही या 'रिज'वर धावतो. खेळाडू म्हणून नव्हे. फायलींवर बसून वाढलेले पोट जागेवर ठेवावे, एवढ्याच हेतूने प्रारंभ झाला. पुढे ते व्यसन जडले. दिल्लीत अर्धमॅरेथॉन होते, एकवीस किलोमीटरांची. तीत आम्ही दोनदा धावलो आणि दोन्ही वेळा आमच्या पुढे इतके लोक होते, की मागे कोणी आहे का हे पाहण्याची इच्छा झाली नाही. २०२० साली साथीमुळे हौशी धावकांनी आपापल्या रस्त्यावर धावावे असे ठरले, तेव्हा आम्ही या टेकडीवर धावलो. पुढे कोणीच नव्हते. पहिला क्रमांक मिळवण्याची आयुष्यातली ती एकमेव संधी होय.

आमच्या कागलकडे कोणी 'धावतो' असे म्हणत नाही. 'पळतो' असे म्हणतात. आमचे वडील शाळेत मराठी शिकवीत. लहानपणी आम्ही 'पळायला जातो' म्हटले, की ते दुरुस्त करीत: "पळतो तो चोर. माणूस धावतो. आणि धावला, की कोणासाठी तरी धावून जातो." दर रविवारी दूरध्वनीवर त्यांचा पहिला प्रश्न असे, "या आठवड्यात किती धावलास?" आम्ही आकडा सांगत असू. ते म्हणत, "बरे आहे. एक दिवस कागलपर्यंत पोचशील."

२०२१ च्या एप्रिलमध्ये साथीची दुसरी लाट आली, तेव्हा आम्ही उभयता एकाच आठवड्यात आजारी पडलो. दिल्लीत टाळेबंदी होती, प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी शहरभर रांगा होत्या आणि आमच्या खिडकीतून रुग्णालयाकडे चढणाऱ्या रुग्णवाहिकांचे भोंगे रात्रभर ऐकू येत. आमचे दुखणे घरच्या घरी निभावले. त्याच दिवसांत कागलला वडील आजारी झाले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात कोल्हापूरच्या रुग्णालयात गेले. आमचा ताप त्या दिवशी एकशे एक होता. अंत्यसंस्कार दुसऱ्यांनी उरकले, आम्हांस दूरध्वनीवर वेळ कळवण्यात आली. दोष कोणाचाच नव्हता. आणि ज्या गोष्टीत दोष कोणाचाच नसतो, ती गोष्ट मनाला फार दिवस पुरते.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात रजा मंजूर झाली, मुख्यालय सोडण्याची परवानगी आली आणि शनिवारच्या गाडीचे आरक्षण मिळाले. हाताशी एक आठवडा होता. दुखण्यानंतर जिना चढताना लागणारा दम आईला दिसू नये, म्हणून तो आठवडा आम्ही सरावासाठी नेमला.

सोमवार, २१ जून. त्याच दिवसापासून दिल्लीतली सार्वजनिक उद्याने पुन्हा उघडली होती. योगदिनही होता, मुखपट्ट्या हनुवटीवर घेतलेली मंडळी दीर्घ श्वास घेत होती. आम्ही मात्र महाराष्ट्रात त्या काळी घरोघर सांगितली जाणारी चाचणी केली: सहा मिनिटे चालायचे आणि बोटाला ऑक्सिमीटर लावायचा. चालण्यापूर्वी सत्त्याण्णव, नंतर शहाण्णव. एवढ्या एका आकड्याने आम्हांस पदवी परीक्षेच्या निकालाहून अधिक आनंद झाला. मग दोन मिनिटे धावणे, तीन मिनिटे चालणे, असे पाऊण तास केले. डॉक्टरांची आज्ञा होती की, धावताना बोलता आले पाहिजे. सोबतीस कोणी नसल्याने आम्ही माकडांशी बोललो.

मंगळवारी ती सवड राहिली नाही. मंगळवार हा मारुतीचा वार असल्याने भाविक माकडांना केळी वाटतात आणि हातात काही नसलेल्या माणसाकडे ती जमात तुच्छतेने पाहते. त्या दिवशी आम्ही अशोकस्तंभापर्यंत गेलो. फिरोजशहा तुघलकाने हा स्तंभ मेरठेहून आणवला. अठराव्या शतकाच्या आरंभी दारूच्या स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले आणि १८६७ साली ते जोडून तो पुन्हा उभा केला गेला. सांधे अजून दिसतात. आम्ही त्याच्या सावलीत बसून धाप ओसरू दिली. पहाटेसही पारा तिशीच्या आसपास होता, पाऊस लांबला होता, आणि अंगातून गेलेले पाणी मीठसाखर घालून परत भरावे लागत होते.

बुधवारी कचेरीची पाळी होती. साथीच्या नियमानुसार निम्मी हजेरी असे. शेजारची एक खुर्ची मात्र पाळीमुळे रिकामी नव्हती. तिच्यावर बसणारे गृहस्थ एप्रिलमध्ये गेले होते आणि त्यांच्या मेजावरची फाईल आता आमच्याकडे आली होती. कडेला त्यांच्या हस्ताक्षरात 'चर्चा करावी' असा शेरा होता. संध्याकाळी धावण्याचा विचार होता, धावलो नाही.

गुरुवारी वटपौर्णिमा. आमच्या सौभाग्यवतींनी आदल्या रात्रीच बजावले होते, की धावता धावता एक वड पाहून यावा. इकडच्या बायकांचे वटसावित्रीचे व्रत अमावास्येलाच उरकलेले, त्यामुळे शेजारणींना विचारून उपयोग नव्हता. टेकडीवर पाहावे तिकडे विलायती कीकर. वड शोधण्यात आम्ही नेहमीच्या दीडपट धावलो. दिल्लीतल्याच दुसऱ्या, फिरोजशहा कोटल्याच्या स्तंभावर अशोकाने रस्त्यांच्या कडेने वड लावल्याचे कोरून ठेवले आहे, हे आठवून अधिकच चीड आली. राजाने कोरलेला हुकूम या टेकडीवर अमलात आला नाही असे दिसते. कारकुनास त्याचे नवल वाटू नये, एवढेच. अखेरीस टेकडीच्या उतारावर एका लहानशा देवळामागे वड सापडला. सौभाग्यवतींनी मुखपट्टी बांधून त्यास सूत गुंडाळले. आम्ही दूर उभे होतो. कागलला त्या दिवशी आई वडाकडे जाणार नव्हती, हे आम्हा दोघांच्याही मनात एकदमच आले असावे. परतताना कोणी काही बोलले नाही.

शुक्रवारी नाकातला स्राव तपासण्यास दिला. दिल्लीहून रेल्वेने महाराष्ट्रात जाणाऱ्यास अठ्ठेचाळीस तासांच्या आतला निर्दोष अहवाल लागत असे. वाट पाहण्यावाचून काम नव्हते, म्हणून संध्याकाळी सूर्य कलल्यावर आम्ही टेकडीची पूर्ण लांबी धावलो: अजितगडापासून, हिंदूरावांच्या कोठीची जागा ओलांडून, चौबुर्जी मशिदीवरून ध्वजस्तंभाच्या बुरुजापर्यंत. १८५७ च्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत इंग्रज फौज याच कड्यावर तळ देऊन होती आणि हिंदूरावांची कोठी तिचे मोर्चाचे ठाणे होती. त्या उन्हाळ्यात गोळ्यांच्या जोडीला पटकीनेही माणसे नेली. सेनापती बर्नार्ड ५ जुलै रोजी पटकीनेच वारला. साथ या टेकडीस नवी नव्हती.

धावताना मिल्खासिंगांचे स्मरण झाले. आदल्याच शुक्रवारी, १८ जून रोजी, साथीच्या दुखण्यानंतर चंडीगडला त्यांचे देहावसान झाले होते. पत्नी पाचच दिवस आधी गेली होती. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये चारशे मीटरांत चौथा आलेला हा धावपटू फाळणीत आईवडील गमावून, जीव वाचवीत, निर्वासित म्हणून दिल्लीस आला होता. त्याचे पहिले धावणे म्हणजे पळणेच होते. वडिलांची व्याख्या तेथे लागू करता येईना. आणि आमच्या स्वतःच्या धावण्यास तरी ती कोठे लागू होती? इतक्या वर्षांत हजारो किलोमीटर झाले, पण ज्या एका दिवशी धावून जावयाचे, त्या दिवशी आम्ही अंथरुणावर होतो. बुरुजापाशी पोचलो तेव्हा दम लागला नव्हता. सराव सफल झाला होता. समाधान मात्र झाले नाही.

शनिवारी सकाळी अहवाल आला, निर्दोष. दुपारी निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस धरली. ग्वाल्हेर संध्याकाळी गेले, बायजाबाईंचे ग्वाल्हेर. दुसऱ्या दिवशी पुण्यापुढे जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद अशी स्थानके एकामागून एक येऊ लागली. ही पालखीच्या वाटेवरची गावे. त्या वर्षी, सलग दुसऱ्यांदा, वारी पायी निघणार नव्हती; पादुका बसने पंढरपुरास जावयाच्या होत्या. समोरच्या बाकावरचे वृद्ध वारकरी खिडकीतून प्रत्येक गावास हात जोडत होते. ते म्हणाले, "पाय हायती, रस्ता हाय, पर जायाचं न्हाई. इठ्ठलाला काय कळत न्हाई व्हय?" आम्हांस या वाक्याने फार धीर आला.

रात्री मिरजेस उतरलो आणि सकाळच्या एसटीने कोल्हापूरवरून कागल गाठले. आई दारातच होती. किती वाळली होती! आम्ही अंतर राखून उभे राहिलो. अहवाल खिशात होता, तरी पुढे होण्याचे धैर्य होईना. मग तिने त्या दिवसाची हकीकत सांगितली, अगदी साध्या आवाजात, जणू कोणा दुसऱ्याची. "त्यांना दम लागला, तसं मी नुसती हाक मारली. शेजारची पोरं पळत आली. कोणाला भ्यायली नाहीत. पळतच गाडी आणली, पळतच नेलं."

पळत आली. आईने हाच शब्द वापरला, आणि आयुष्यभर तो दुरुस्त करणारे वडील दुरुस्त करावयास नव्हते. आम्ही ज्या दोन शब्दांत वर्षानुवर्षे भेद मानीत आलो, तो त्या पोरांना माहीतही नव्हता. ती पोचली होती, एवढे खरे.

संध्याकाळी आम्ही त्या घरी गेलो. पोरे अंगणात विटीदांडू खेळत होती. काय बोलावे, ते सुचेना. त्यांतला थोरला म्हणाला, "काका, दिल्लीत तुम्ही लई पळता म्हणं. सर सांगायचे." आम्ही होय म्हणालो. उद्या पहाटे नदीपर्यंत येता का, असे त्याने विचारले.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. तो पुष्कळ पुढे होता. मधूनमधून थांबून आमची वाट पाहत होता.