बांधावरचे लाल फडके

आपल्या सीमाभागात कीटकनाशकाला सहसा कोणी विष म्हणत नाही. सारे ‘औषध’च म्हणतात. शब्दातला हा भाबडेपणा आम्हांला अलीकडे बोचू लागला आहे. औषध म्हटले की भय सरते, आणि भयाबरोबर काळजीही.

2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर मुखपट्टी, हातमोजे, चष्मा यांची बरीच चर्चा झाली. ती मुख्यतः पाठीवर पंप घेणाऱ्या पुरुषापुरती होती. तोही ही साधने वापरतोच असे नाही. ‘एवढ्यानं काय होतंय’ ही मर्दुमकी आडवी येते. परंतु आपण जहाल वस्तू हाताळतो आहोत, हे त्याला निदान ठाऊक असते. बाईला तेही कोणी सांगत नाही. पंपासाठी पाणी तीच आणते, दुसऱ्या दिवशी त्याच सरीत अनवाणी भांगलण तीच करते, आणि फवारणीचे भिजलेले कपडेही घरच्या धुण्यात तीच धुते. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके श्वासावाटेच नव्हे, त्वचेवाटेही शरीरात शिरतात.

निपाणीकरांना हे नवल वाटू नये. ओल्या तंबाखूची पाने हाताळताना त्यांतले निकोटीन असेच कातडीतून भिनते. मळमळते, डोके दुखते, भोवळ येते.

आमच्या परिचयाच्या एका मावशींना भांगलण करताना दरदरून घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. “ऊन लागलं असंल,” त्या म्हणाल्या. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “फवारणी केली होती का?” मावशींनी ‘नाही’ म्हटले, आणि ते खरेच होते. तेवढ्यात सून बोलली, “काल त्याच रानात औषध मारलंय की!” त्या एका वाक्याने उपचारांची दिशा बदलली. मावशी वाचल्या.

औषधाच्या डब्यावर तिरपा चौकोन असतो. त्याचा खालचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल सर्वांत जहाल. रंगाला लिपी नसते, त्यामुळे येथे कन्नड-मराठीचा प्रश्नही उद्भवत नाही. मात्र तो डबा बाईच्या दृष्टीस पडला पाहिजे.

आपल्यापैकी अनेकांची शेती आज वाट्याने दिलेली आहे. आपण शहरात राहतो. तरीही काही गोष्टी आपल्या हातच्या आहेत. फवारलेल्या रानाच्या बांधावर लाल फडके बांधावे. डब्यासोबतच्या पत्रकातील मुदत संपेपर्यंत कोणालाही आत धाडू नये, आणि त्या दिवसांची मजुरी बुडू नये म्हणून दुसरे काम द्यावे. फवारणीचे कपडे वेगळे, हातमोजे घालून धुवावेत. आणि मारलेल्या औषधाचे नाव भांगलणीला येणाऱ्या प्रत्येकीला आधी सांगावे. दवाखान्यात विचारले, तर तिला उत्तर देता आले पाहिजे.