पॅकेजला बाय, अंदमानला हाय!

'सहा रात्री-सात दिवस, ब्रेकफास्ट-डिनरसकट!' अंदमानचं पॅकेज कागदावर झक्कास दिसतं. पण बेटांवर टाइमटेबल चालतं ते सूर्याचं, भरती-ओहोटीचं आणि बोटीचं. ते कुणाला ठाऊक असतं? तिथे राहणाऱ्यांना. म्हणून आधी त्यांना फोन लावा, तिकिटं मग काढा.

अंदमान म्हटलं की मराठी माणसाला दोनच गोष्टी आठवतात. एक सेल्युलर जेल आणि दुसरी, एकाच रंगाच्या टोप्या घातलेली चाळीस माणसांची टूर. आपल्या आईबाबांच्या पिढीने ही दोन्ही तीर्थं एकदमच केली. त्यात वाईट काही नाही. घरापासून इतक्या लांब, समुद्राच्या मधोमध कुणीतरी आयता वरण-भात वाढतंय, हे सुख काही लहान नव्हे. पण सकाळी सातला बॅगा रूमबाहेर ठेवायच्या आणि बीचवर पाय ओले होतायत तोच 'चला, चला, गाडीत बसा' ऐकायचं, हे आपल्याला काही झेपत नाही बुवा.

आम्ही तिघं जण होतो. हिंजवडीतला एक आयटीवाला, बँकेत नोकरी करणारी मैत्रीण आणि मी. आयटीवाल्याला रजा मोजून आठ दिवसांची, सोमवारी त्याच्या प्रोजेक्टचं 'गो-लाइव्ह'. मला काय, फ्रीलान्सरला रजाच नसते, पण पैसेही नसतात! तेव्हा वेळ त्याची वाचवायची होती आणि पैसे माझे. नमुना म्हणून एका टूर कंपनीचं पॅकेज मागवलं. पहिले दोन दिवस पोर्ट ब्लेअर, तिसऱ्या दिवशी पहाटे बाराटांग, मग हॅवलॉक, नील आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने परत येऊन दुपारचं विमान. दिसायला एकदम फिट्ट.

बँकवाल्यांचं एक बरं असतं. देशात कुठेही जा, त्यांच्यातला कुणीतरी बदली होऊन तिथे आधीच पोचलेला असतो. मैत्रिणीच्या अशाच एका कलीगने हॅवलॉकच्या एका होमस्टेचा नंबर दिला. फोनवर होत्या एक बंगाली बाई. साठीच्या पुढच्या, सगळे त्यांना 'मासी' म्हणतात, आम्हीही म्हणायला लागलो. हॅवलॉक आणि नीलवर पूर्व बंगालातून आलेल्या निर्वासितांना सरकारने वसवलं, त्यांच्यातल्याच एका घरातल्या. एसी रूम आहे का, वायफाय आहे का, अशी आमची लिस्ट तयार होती. मासींनी आधी त्यांचाच प्रश्न टाकला, "अमावस कब है?"

आता बोला! स्वयंपाकघरातलं कालनिर्णय काढलं. मग मासींनी जे सांगितलं ते कुठल्याच ब्रोशरमध्ये नव्हतं. अमावास्येच्या आसपास समुद्राला उधाण असतं, म्हणजे भरती मोठी आणि ओहोटीही खोल. नीलवरचा दगडी नैसर्गिक पूल, ज्याला तिथे सगळे 'हावडा ब्रिज' म्हणतात, तो नीट बघायचा तर ओहोटीच हवी. पाणी चढलेलं असेल तर तिथवर धड चालताही येत नाही. आणि अमावास्येच्या काळोख्या रात्री हॅवलॉकच्या पाण्यात वल्हं मारलं की सूक्ष्म जीवांमुळे पाणी निळसर चमकतं. चांदणं असेल तर ही मजा निम्मी होते. एका प्रश्नात दोन गोष्टींचा निकाल! आमच्या आयटीवाल्याचं आजोळ मालवणचं. तिथे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अष्टमी असेल तर सहा वाजता. त्याने लगेच हा फॉर्म्युला मासींना ऐकवला. मासी हसल्या. "ओ तुमारा समुंदर का है." खरंच की, भरतीची घडी प्रत्येक किनाऱ्यावर वेगळी. आमच्या तारखांना नीलवर ओहोटी दुपारी होती, म्हणून नीलची पहिली दुपार पुलासाठी राखून ठेवली. पोहणं सकाळी.

दुसरी गोष्ट सूर्याची. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, पण घड्याळ मात्र आपलंच. त्यामुळे डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारालाच सूर्य बुडतो आणि मुंबईकर तेव्हा कुठे 'चला, फ्रेश होऊन बीचवर जाऊ' म्हणत असतो. आम्ही फेब्रुवारीत गेलो, तेव्हाही साडेपाचला खेळ खल्लास. हॅवलॉकचा फेमस राधानगर बीच म्हणजे 'सात नंबर' (तिथल्या बीचना आणि वस्त्यांना नंबरच आहेत). 2004 साली 'टाइम' मासिकाने त्याला आशियातला सर्वोत्तम बीच ठरवलं होतं. तो जेट्टीपासून बारा-एक किलोमीटरवर, बेटाच्या पश्चिम बाजूला आहे. म्हणजे तिथे सूर्यास्त बघायचा तर चारलाच पोचायला हवं. मासींचा सल्ला होता, "सकाळी सातला जा, बीच तुमचाच." गेलो. उंचच उंच महुआची झाडं, त्यांच्या सावलीतून एकदम समोर येणारी पांढरी वाळू आणि आख्ख्या किनाऱ्यावर आम्ही तिघं, दोन कुत्री आणि एक लाइफगार्ड. नऊनंतर टूरच्या गाड्या येताना दिसल्या तेव्हा आम्ही स्कूटर काढून पुरी-भाजीच्या मागे लागलो होतो.

स्कूटर दिवसाला साधारण पाचशे रुपयांत मिळते. बेटावर मुख्य रस्ते दोन-तीनच, त्यामुळे हरवायचं म्हटलं तरी जमत नाही. नील तर इतकं छोटं की सायकलच बेस्ट. दोन्हीकडे शेती, केळी, सुपारी. अख्ख्या अंदमानला भाजी पुरवणारं बेट अशीच नीलची ख्याती आहे. बाजारातल्या पत्र्याच्या हॉटेलात सुरमईची करी, डाळ आणि डोंगरभर भात मिळतो. रिसॉर्टच्या 'सी-फूड प्लॅटर'पेक्षा कितीतरी सही! फक्त एक करा, रोख पैसे बरोबर ठेवा. एटीएम कमी आणि त्यातलं एखादं रुसलेलं. नेटवर्क पूर्वीसारखं बेकार नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली तेव्हापासून सुधारलंय, पण त्याच्या भरवशावर पेमेंट अडकवू नका. आणि हो, तिकिटांवर हॅवलॉकचं नाव 'स्वराज द्वीप', नीलचं 'शहीद द्वीप' असतं. 2018 च्या डिसेंबरात ही नावं बदलली. पोर्ट ब्लेअरही 2024 पासून 'श्री विजयपुरम' आहे. लोकांच्या तोंडी मात्र जुनीच नावं. दोन्ही पाठ करा, म्हणजे जेट्टीवर धांदल होणार नाही.

मासींनी आमच्या प्लॅनमधली सगळ्यात मोठी उलथापालथ केली ती क्रमाची. पॅकेजवाले पोर्ट ब्लेअर आधी दाखवतात आणि बेटांवरून येऊन थेट विमानात बसवतात. "आणि बोट बंद झाली तर?" मासींचा साधा प्रश्न. 2016 च्या डिसेंबरात वादळी हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून जास्त पर्यटक अडकले होते, नौदलाची जहाजं गेली तेव्हा कुठे सुटले. खासगी क्रूझ असो की सरकारी बोट, समुद्र खवळला की बंद म्हणजे बंद, तुमचं सोमवारचं 'गो-लाइव्ह' तिला ठाऊक नसतं. म्हणून उतरल्या दिवशीच दुपारच्या बोटीने थेट हॅवलॉक, तिथे तीन रात्री, नीलवर दोन आणि शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर, असं उलटं गणित मांडलं. स्कूबावाल्यांसाठीही हेच बरोबर. डायव्हिंग केल्यावर किमान अठरा तास, शक्यतो पूर्ण दिवस, विमानात बसू नये असा नियम आहे. पॅकेजच्या शेवटच्या घाईत तो कुठे बसणार?

बोट कोणती? जाताना खासगी घेतली. दीडेक तासात पोचवते, एसी हॉल, मोठ्या आवाजात हिंदी गाणी, खिडकीची काच बंद. परतताना नीलहून सरकारी बोट. स्वस्त, संथ, वर डेकवर उभं राहता येतं आणि उडणारे मासे दिसतात. पण सरकारी बोटीवर पहिला हक्क बेटावरच्यांचा. कुणी दवाखान्यात चाललेलं, कुणी परीक्षेला, कुणाच्या कोंबड्या टोपलीत. सीट मिळाली तर घ्या, नाही मिळाली तर भांडू नका. ती त्यांची एसटी आहे.

राहिलं बाराटांग. चुनखडीच्या गुंफा आणि चिखलाचा ज्वालामुखी. आयटीवाल्याला ते हवंच होतं आणि पोर्ट ब्लेअरचे दोन दिवस होतेही. तिकडे जाणारा अंदमान ट्रंक रोड जारवांच्या राखीव जंगलातून जातो. जिरकाटांगच्या नाक्यावर गाड्यांचा ताफा जमतो, मग पोलिसांच्या देखरेखीखाली सोडतात. थांबायचं नाही, फोटो नाही, खायला काही द्यायचं नाही. जारवा जेमतेम काहीशे आहेत. 1990 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत ते बाहेरच्यांना जवळ येऊ देत नव्हते आणि संपर्क वाढला तसा 1999 मध्ये त्यांच्यात गोवर पसरला. राखीव जंगलातून जाणारा हा रस्ता बंद करा, असं सुप्रीम कोर्टाने 2002 साली सांगितलं. रस्ता चालूच राहिला. 2012 मध्ये पर्यटकांपुढे जारवा बायकांना नाचायला लावल्याचा व्हिडिओ बाहेर आला तेव्हा जगभर बोंब झाली.

हे सगळं वाचलेलं होतंच. पण आमचा वाद मिटवला तो टॅक्सीवाल्या दादाने. त्याचं गाव रंगत, म्हणजे त्याच रस्त्याने बाराटांगच्याही पलीकडे. गुंफांबद्दल विचारलं तर म्हणाला, "सगळे गुंफा बघायला जातो म्हणतात. परतीच्या वाटेवर गुंफेचं कुणी बोलत नाही. 'दिसले का, किती दिसले', एवढंच." मग जरा थांबून, "आम्हाला त्या रस्त्याने जावंच लागतं, आई तिकडे आहे. तुम्हाला कशाला जायचंय?" आयटीवाला म्हणाला, आपण नुसत्या गुंफाच बघू, खिडकीचे पडदे लावून. मैत्रीण म्हणाली, पडदे लावून का होईना, ताफ्यात एक गाडी आपली वाढेलच. मत घेतलं, दोन विरुद्ध एक. तो एक संध्याकाळभर गप्प होता. पहाटे तीनला उठायचं वाचलं हे मात्र त्यानेही कबूल केलं.

सल्ला विचारताना एक ट्रिक लक्षात ठेवा. 'काय बघू?' असं विचारलंत की सगळीकडे तीच सात नावं मिळतात. 'तुम्ही स्वतः पोहायला कुठे जाता, कुठे जात नाही?' असं विचारा. मासींचा भाचा खाडीच्या तोंडाशी कधीच पाण्यात उतरत नाही, कारण मगरी. खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथे खरोखर आहेत. 2010 मध्ये राधानगरजवळच एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा त्यात जीव गेला. त्यामुळे बोर्ड लावला असेल तिथे 'बिनधास्त' व्हायचं नाही. तोच भाचा संध्याकाळी वाळूवर कधी लोळत नाही, कारण सँडफ्लाय. चावल्याचं दुसऱ्या दिवशी कळतं आणि खाज आठवडाभर. खोबरेल तेल चोपडून बसा, वास येऊ दे. शंख-शिंपले, पोवळ्याचे तुकडे मात्र खिशात टाकू नका. विमानतळावर बॅग उघडली तर लाज जाईल ती जाईल, कायद्याचा बडगाही बसेल.

शेवटचे दोन दिवस पोर्ट ब्लेअर. सेल्युलर जेलला पॅकेजमध्ये तासभर असतो, आम्ही अख्खी दुपार दिली. 1906 मध्ये पूर्ण झालेल्या या तुरुंगाच्या सातपैकी तीनच पाखी उरल्यात. पाडलेल्यांच्या जागी सरकारी हॉस्पिटल उभं आहे, अजून चालू आहे. त्या बाजूला नातेवाईक डबे घेऊन जाताना दिसतात. सावरकरांच्या कोठडीपुढे मराठी टूरची रांग होती, कुणी चपला काढून आत जात होतं, कुणी सेल्फी घेत होतं. थोरले भाऊ बाबारावही याच तुरुंगात होते, हे रांगेतल्या एका शाळकरी मुलाने त्याच्या बाबांना सांगितलं. बाबांना माहीत नव्हतं. मधल्या मनोऱ्यात कैद्यांची नावं प्रांतवार संगमरवरावर कोरलेली आहेत. मुंबई प्रांताची यादी पटकन वाचून होते. बंगालची संपता संपत नाही. आम्ही ती उभ्याने वाचत राहिलो. बाहेर साडेचारचं ऊन उतरायला लागलं होतं. खालून टूर लीडरची शिट्टी ऐकू आली आणि टोप्या भराभर जिन्याकडे वळल्या. पंजाबची यादी अजून वाचायची बाकी होती.