मार्चमधली पाने

६ मार्च
मार्च उजाडला की इथे ब्रिटनमध्ये आमच्या हॉस्पिटलात अप्रेझलची, म्हणजे डॉक्टरांच्या कामाच्या वार्षिक आढाव्याची, झुंबड उडते. आज एका ज्येष्ठ सांधेरोपण सर्जनची फाइल उघडली; यंदा त्यांची अप्रेझर मी. आग लागल्यास काय करावं, ओझं कसं उचलावं, सगळी प्रमाणपत्रं ओळीनं लावलेली. सतत शिकत राहण्याचे, म्हणजे सीपीडीचे, वर्षाचे ५० गुणही पुरे. वर्षभरात ज्यांच्यावर शस्त्रक्रिया केल्या त्या पेशंटांचं पुढे काय झालं, ते मात्र शेवटच्या दोन ओळींत. यांच्या ऑपरेशन लिस्टला मी वर्षानुवर्षं भूल देत आले आहे. त्यांचं खरं काम या फाइलमध्ये कुठेच दिसत नाही.

९ मार्च
नव्या अप्रेझरांना ब्रिस्टलच्या हॉस्पिटलबद्दल सांगितलं. तिथे लहान मुलांच्या हृदयशस्त्रक्रियांत मृत्यू जास्त होत आहेत, हे स्टीफन बोल्सिन या भूलतज्ज्ञांनी ओळखलं. १९९० मध्ये त्यांनी वरिष्ठांना पत्र लिहिलं, पुढे स्वतः आकडे जमवले. कुणी दाद दिली नाही. अखेर ते ऑस्ट्रेलियाला गेले. या प्रकरणाचा इयन केनेडींचा चौकशी अहवाल २००१ मध्ये आला आणि त्याच वर्षी एनएचएस या सरकारी आरोग्यसेवेतल्या कन्सल्टंटांना वार्षिक अप्रेझल लागू झालं. २०१२ च्या डिसेंबरपासून दर पाच वर्षांचं रिव्हॅलिडेशनही, म्हणजे डॉक्टरच्या परवान्याची फेरतपासणी, या अप्रेझलच्याच आधारावर होतं.
माझ्याच शाखेतला माणूस म्हणून बोल्सिन मला जवळचे वाटतात. धोका कुणाला तरी कळला होता; त्याचं ऐकून घेणारं कुणी नव्हतं. त्यावर उपाय म्हणून आपण कागद वाढवत गेलो, याचा मला राग येतो.

१४ मार्च
त्या सर्जनच्या अप्रेझलसाठी दोन तास मागून घेतले होते. प्रमाणपत्रं लगेच उरकली आणि नॅशनल जॉइंट रजिस्ट्रीचा त्यांचा अहवाल टेबलावर ठेवला. बसवलेल्या गुडघ्यांपैकी किती पुन्हा उघडावे लागले, त्याचा आलेख. त्यांचा ठिपका मर्यादेच्या आतच, पण वरच्या रेषेकडे सरकलेला. ते गप्प झाले. मग एकेक पेशंट आठवून सांगू लागले. एक बाई, मधुमेह, वजन भरपूर, दुसऱ्या सर्जननी नकार दिलेला; तिच्या गुडघ्यात जंतुसंसर्ग झाला. बोलता बोलता गुरुवारच्या लिस्टचा विषय निघाला. ती दर वेळी उशिरा सुरू होते, ट्रेनी सतत बदलतात आणि संध्याकाळचा शेवटचा गुडघा घाईत होतो. हे त्यांनी आजवर कुठेच लिहिलं नव्हतं. लिहिणार तरी कुठल्या रकान्यात?
अवघड पेशंट घेणाऱ्याचा ठिपका वर सरकतो आणि ते टाळणाऱ्याचा छान दिसतो. नुसता आलेख वाचून हे कळत नाही. सर्जनचं कुठे चुकलं आणि लिस्टचं कुठे, हे समोरासमोर बसल्यावरच उलगडतं. यापुढे अवघड गुडघा दोन कन्सल्टंटांनी मिळून करायचा आणि लिस्टच्या शेवटी ठेवायचा नाही, एवढं आज ठरलं.

२० मार्च
बॅचमधल्या मैत्रिणीचा फोन. ती महाराष्ट्रात सरकारी मेडिकल कॉलेजात भूलशास्त्राची विभागप्रमुख आहे. "अगं, आमचे सीआर भरायचे दिवस आले. माझा अहवाल लिहिणाऱ्यांनी माझं ओटी कधी पाहिलेलंसुद्धा नाही." सीआरमधला, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवालातला, प्रत्येक शेरा संबंधिताला कळवलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं देव दत्त खटल्यात २००८ सालीच सांगितलं. त्यामुळे शेरा आता हातात तरी पडतो. पण "तुझ्या विभागात भूलतज्ज्ञ किती कमी आहेत, रात्रीच्या इमर्जन्सी कोण सांभाळतं?" असं तिला एकदाही कुणी विचारलेलं नाही. तिनं विचारलं, तुमच्याकडे बरं आहे का गं? म्हटलं, बोलायची सोय आहे, वेळ नाही.

२७ मार्च
हॉस्पिटलातल्या अप्रेझलची जबाबदारी असलेल्या रिस्पॉन्सिबल ऑफिसरांना पत्र दिलं. फाइल डॉक्टरनं रात्री घरी बसून जमवू नये. ऑडिट विभागानं प्रत्येकाचे आकडे पेशंटच्या गुंतागुंतीसह काढून द्यावेत. अप्रेझरला समोरासमोरच्या चर्चेसाठी आठवड्याच्या जॉब प्लॅनमध्ये वेळ मिळावा. आणि गुरुवारच्या लिस्टसारखी गोष्ट पुढे आली, तर उत्तर देण्याची जबाबदारी व्यवस्थापनाची असावी. २०२० मध्ये कोविडनं थांबलेलं अप्रेझल पुन्हा सुरू करताना कागद कमी करून डॉक्टरच्या तब्येतीची विचारपूस वाढवली होती. तेव्हा जमलं, तर आता का नको, असंही लिहिलं.
संध्याकाळी उत्तर आलं. ऑर्थोपेडिक्सपुरतं करून बघू, आकडे कुणी काढायचे ते एप्रिलच्या बैठकीत ठरेल. ऑडिटमधल्या बाईंना लगेच फोन करून बैठकीला बोलावलं.