दाभोशाचा धबधबा व मस्कतची गाडी

नाशिकास राहून त्र्यंबकेश्वरास गेला नाही असा मनुष्य शोधूनही सापडावयाचा नाही. परंतु त्र्यंबकाच्या पलीकडे घाट उतरून मोखाडे-जव्हारकडे गेलेल्या असामी मोजावयास बसलो, तर शंभरांत पाचही निघतील की नाही याची शंकाच आहे. आम्ही स्वतः या शहरात चाळीस वर्षे काढली. पण जव्हारजवळचा दाभोसा पाहण्याचा योग आला तो गेल्या भाद्रपदात, आणि तोही मस्कतेहून रजेवर आलेल्या आमच्या मेहुण्यांमुळे.

मेहुणे म्हणजे आमच्या कुटुंबाचे धाकटे बंधु. पाण्याच्या पंपांची देखभाल करणाऱ्या एका मंडळीत ते बावीस वर्षे मस्कतेस नोकरीला आहेत. मस्कत शहर समुद्रकाठी असले, तरी यांचे काम आत डोंगरापलीकडे, खजुरीच्या बागांतून. असल्या मुलुखात मनुष्यही बसेल आणि मागे सामानही राहील अशी मालमोटार, जिला आता खेड्यातील पोरही पिकअप म्हणून ओळखते, तीच उपयोगी पडते. आता झाले असे की, त्यांचा एकुलता एक मुलगा अमेरिकेत आहे. त्याच्यापाशी विजेवर चालणारी पिकअप आहे, आणि तो ज्या नव्या शहरी बिऱ्हाड हलवितो आहे तेथे ती ठेवावयास जागा नाही. त्याने वडिलांस कळविले, “बाबा, विकण्यापेक्षा तुम्हीच ती मस्कतेस न्या. तुमची जुनी गाडी आता पुरे झाली.” मुलाने आपण होऊन बापाला काही देऊ करावे, याचे सुख ज्याला ठाऊक आहे, त्याला मेहुण्यांच्या चेहऱ्यावरील त्या दिवसांतील तेज निराळे समजावून सांगावयास नको. नाशिकास आले ते कागदांची एक जाडजूड फाईल बगलेत मारूनच.

आमच्या चिरंजिवांची एक लहानशी विजेची मोटार आहे. ती पाहताच मेहुणे म्हणाले, “भावोजी, ही घाटात कशी वागते ते मला पाहावयाचे आहे. कोठेतरी डोंगरात जाऊ.” कुटुंबाने दाभोशाचे नाव काढले, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे दशम्यांचा डबा घेऊन आम्ही तिघे निघालो. सारथ्य मेहुण्यांकडे. एकदा भरलेली गाडी व्यवहारात दोनशे किलोमीटर जाते असे चिरंजिवांनी सांगितले होते. नाशिकहून जव्हार सुमारे ऐंशी, तेथून दाभोसा आणखी वीस. म्हणजे जाऊन-येऊन बरोबर दोनशे! हिशेब जमला खरा, पण असला काठोकाठ जमलेला हिशेब संसारी मनुष्याला नेहमीच थोडा भिववितो.

त्र्यंबकापर्यंतचा रस्ता ओळखीचा. ब्रह्मगिरीच्या माथ्यावर ढग उतरले होते. पुढे तोरंगणचा घाट लागला आणि मोठी मौज झाली. उतारावर पाय उचलला की या गाडीचे यंत्र उलट फिरून वीज उत्पन्न करते व ती पुन्हा बॅटरीत जाते, हे आम्ही ऐकून होतो, पण घाटाच्या तोंडाशी ८३ दाखविणारा आकडा खाली उतरेपर्यंत ८४ झालेला पाहिला, तेव्हा कुटुंबाने “अगबाई, हे तर ताक घुसळता घुसळता दूध परत मिळाल्यासारखे झाले!” असे उद्गार काढले. मेहुण्यांनी मात्र गंभीरपणे बजाविले, की परत येताना हीच वीज व्याजासकट मोजून द्यावी लागेल.

मोखाडे तालुका पावसाळ्यात पाहणाऱ्यास येथे पाण्याची ददात असेल असे स्वप्नातही वाटावयाचे नाही. भातखाचरे तुडुंब, नाचणीच्या वरकस टेकड्या हिरव्यागार, जो तो कडा पाण्याने पाझरतो आहे. मुंबईकरांच्या घरी नळ सोडला की जे पाणी येते, त्यातील बराच वाटा या भागातील वैतरणेचा. १९५७ चा मोडकसागर, १९७३ ची ऊर्ध्व वैतरणा आणि अलीकडील मध्य वैतरणा ही सारी धरणे एकाच नदीवर एकामागून एक उभी आहेत; आणि चैत्र-वैशाखात याच तालुक्यातील बायाबापड्या हंडे घेऊन कोसकोस हिंडतात. पाणी, वीज, माणसे सारे काही येथून खाली जाते. वर काय येते हे पाहण्यासारखे आहे.

जव्हार हे समुद्रसपाटीपासून सुमारे पंधराशे फूट उंचीवरील टुमदार गाव. मुकणे घराण्याचे हे संस्थान. घराण्याची परंपरा इ.स. १३४३ पर्यंत मागे नेतात. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीस निघालेल्या शिवाजीमहाराजांस येथील राजाने शिरपामाळावर भेटून सन्मान केला, ही आठवण जव्हारकर अद्याप अभिमानाने सांगतात. सुमारे तीनशे दहा चौरस मैलांचे हे राज्य १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १ ऑगस्ट २०१४ पासून ते पालघर जिल्ह्यात मोडते. राजवाडा पाहण्यासारखा आहे. पण आमच्या सारथ्याचे लक्ष आकड्याकडे, त्यामुळे आम्ही तो बाहेरूनच पाहिला. आकडा ६२ होता.

जव्हार सोडल्यावर रस्ता अरुंद होतो आणि गप्पांस उत येतो. मेहुण्यांची फाईल येथे उघडली. आम्हांस वाटत होते, मोटार म्हणजे एक वस्तु. पैसे भरावे, जहाजात चढवावी, उतरवून घ्यावी. पण तसे नव्हे. पहिला प्रश्न चाकाचा. आपल्याकडे गाडी हाकणारा उजवीकडे बसतो, आखाती देशांत डावीकडे. त्यामुळे आपल्याकडील टाटांची २०२२ साली निघालेली विजेवरील छोटी मालमोटार त्यांस पसंत असूनही घेता येईना. अमेरिकेतील गाडीचे चाक डावीकडेच असते, तेव्हा तेवढा डोंगर मुलाच्या गाडीने आपोआपच ओलांडला होता. परंतु पुढे आणखी डोंगर होतेच. अमेरिकेतून जुनी मोटार बाहेर न्यावयाची, तर मालकीचा कागद व गाडी निदान बहात्तर तास आधी तेथील जकातखात्यापुढे ठेवावी लागते. मग जहाज. २०२२ च्या फेब्रुवारीत ‘फेलिसिटी एस’ हे मोटारींनी भरलेले जहाज अटलांटिक महासागरात पेटून पुढे बुडाले; २०२५ च्या जूनमध्ये ‘मॉर्निंग मिडास’ची अलास्काजवळ तीच गत झाली. दोहोंवरही विजेच्या मोटारी होत्या. आग त्यांच्यापासूनच लागली असे सिद्ध झाले नसले, तरी पेटलेली बॅटरी विझविणे महाकठीण. म्हणून जहाजवाले आता असल्या गाड्या घेताना दहादा विचार करतात.

जहाज सुखरूप पोहोचले तर आखाती सहकार परिषदेची सामायिक जकात. ती २००३ सालापासून आहे, व सामान्यतः किंमत, विमा आणि जहाजभाडे मिळून होणाऱ्या रकमेवर शेकडा पाच. विजेच्या गाड्यांस काही ठिकाणी सूट मिळते, ते विचारून घ्यावयाचे. त्याशिवाय तेथील मानकांस गाडी उतरते असा दाखला. आणि शेवटी ज्याचे आम्हांस सर्वांत नवल वाटले ते तोंड! म्हणजे वीज भरण्याची जी दांडी गाडीत खुपसतात, तिचा आकार अमेरिकेत एक आणि आखातात दुसरा. मध्ये जोडणारा तुकडा मिळतो, पण तो कितपत चालतो ते ज्याने चालविले त्यालाच ठाऊक.

“आणि उन्हाळा?” कुटुंबाने विचारले.

“तिकडे पंचेचाळीस अंश म्हणजे काही विशेष नव्हे, ताई. बॅटरी उन्हाने म्हातारी होते. पण या गाडीत तिला थंड ठेवावयाची व्यवस्था आहे, आणि अमेरिकेतही वाळवंटे आहेतच की!” मेहुण्यांपाशी प्रत्येक शंकेचे उत्तर फाईलमध्ये तयार होते, आणि खरे सांगावयाचे तर ते सारे ऐकून आम्हीही गाडी मस्कतेस पोहोचल्याप्रमाणेच बोलू लागलो होतो.

दाभोशाच्या अलीकडे एका वळणावर एक पांढरी पिकअप तिरकी उभी होती, आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आलेले दिसत होते. आम्ही थांबलो. पाय एका पंचविशीतल्या तरुणाचे निघाले. पाट्यांपैकी एक पाटा तुटला होता. जव्हारला फोन केला आहे, मित्र मोटरसायकलवर दुसरा पाटा घेऊन निघाला आहे, तासाभरात गाडी चालू होईल, असे तो अगदी सहजपणे म्हणाला. मेहुणे यंत्राचे मनुष्य; ते लगेच उकिडवे बसून पाहू लागले. मुलगा बोलका होता. गाडी कर्जाची. उन्हाळ्यात मोगऱ्याच्या कळ्या. या बाजूच्या शेतकऱ्यांनी अलीकडे मोगरा लावला आहे, आणि कळी उमलण्याच्या आत ती मुंबईच्या वाटेला लागली पाहिजे. पावसाळ्यात बाजारची माणसे व पोती. आणि दिवाळी झाली की वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे, भांडीकुंडी, कोंबड्या, लेकरे सगळी एका फेरीत भिवंडी-वसईकडे. “जाताना गाडी भरते साहेब, येताना होळीपतुर रिकामीच,” असे म्हणून तो हसला. आम्हांस ते हसू चमत्कारिक वाटले. मेहुणे गप्प होते. बावीस वर्षांपूर्वी तेही असेच एका दिवाळीनंतर गेले होते.

त्याने आमची गाडी निरखून पाहिली. आवाज नाही, धूर नाही, याचे त्यास कौतुक वाटले. मेहुण्यांनी उत्साहाने मुलाच्या पिकअपचे चित्र दाखविले: एकशेतीस युनिटांची बॅटरी, वजन तीन टनांच्या घरात. त्याने चित्र मोठे करून चाके पाहिली, खालची बाजू दिसते का ते पाहिले, आणि विचारले, “तिथं ही उघडणार कोण?”

मेहुण्यांनी फाईलकडे पाहिलेसुद्धा नाही. एवढेच म्हणाले, “ते पाहावे लागेल.”

धबधब्याकडे उतरणाऱ्या वाटेवर त्या दिवशी विशेष गर्दी नव्हती. लेंडी नदी येथवर अगदी साध्या ओढ्यासारखी, खडकांतून अवखळपणे खेळत येते. पुढे कडा आहे याची तिला जणू वार्ताच नसते. आणि मग एकाएकी सुमारे तीनशे फूट खाली! खालचा डोह गर्द, काळसर. भोवती झाडीने भरलेले उभे कडे. पाणी डोहापर्यंत पोहोचते ते निम्मे पाण्याच्या रूपाने आणि निम्मे धुराच्या. तुषार इतके वर येत होते की चष्मा पुसता पुसता आमचा रुमाल भिजून गेला. गिरसप्पा पाहिलेल्यांनी नाक मुरडावे. आम्हांस तरी दाभोसा आवडला, कारण तो एकट्याने पाहता येतो. डोहाच्या काठचे दगड निसरडे आहेत. पोहण्याचा मोह तरुणांनी टाळलेला बरा.

दशम्या सोडून बसलो असता आम्हांस मार्को पोलोची आठवण झाली. तेराव्या शतकाच्या अखेरीस तो आपल्या किनाऱ्यावरून गेला, तेव्हा ठाण्यास घोडे उतरत असत, आणि ते इतके मोलाचे, की तेथील राजाने समुद्रावरील चाच्यांशी करार केला होता: लुटीतील घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा! हे घोडे अरबस्तानाकडून, होर्मुझाकडून येत. पूर्व किनाऱ्यावरील पांड्यांच्या मुलुखात तर वर्षास दोन हजारांवर घोडे येत आणि वर्षअखेर शंभरही उरत नसत, असे तो लिहितो. कारण? हवा मानवत नसे हे एक. आणि दुसरे म्हणजे त्या देशी घोड्यांची निगा राखणारा नालबंद नव्हता. व्यापारी आपल्याबरोबर नालबंद आणीत नसत, व कोणास जाऊही देत नसत. घोडे मेले म्हणजे पुन्हा घोडेच विकावयाचे!

हे आम्ही मेहुण्यांस सांगितले. ते डोहाकडे पाहत बसले होते. थोड्या वेळाने म्हणाले, “भावोजी, दाखला, जकात, जहाज, सारे विचारले. नालबंदाचे राहिले.”

“मग मुलाला विचार ना,” कुटुंब म्हणाले.

“त्याने प्रेमाने दिली आहे, ताई. त्याला काय विचारू?”

यावर कुटुंबाने काही न बोलता त्यांच्या पानावर आणखी एक दशमी वाढली.

परत वर आलो तो ती पांढरी पिकअप निघून गेली होती. रस्त्यावर तुटलेल्या पाट्याचा तुकडा मात्र पडला होता. आमचा आकडा जव्हारला ४३ वर आला. एका खानावळीच्या मालकांनी मोठ्या अगत्याने आपल्या घरातील सोळा अँपिअरची खोबण दिली. अशा खोबणीतून तासास फार तर तीन-सव्वातीन युनिटे मिळतात. आमच्या लहान गाडीस ते चालते, पण मुलाची ती थोरली गाडी तिच्यावर भरावयाची तर चाळीस तास बसावे लागेल, हा हिशेब मेहुण्यांनी चहाच्या टेबलावर बोटाने केला. चहा संपतो न संपतो तोच पावसाची जोराची सर आली आणि वीज गेली. आकडा ५१. तासभर वाट पाहिली; वीज आली नाही.

निघालो. थंड हवेचे यंत्र बंद, काचा धुकट, तोरंगणचा घाट समोर. जाताना मिळालेली वीज त्याने खरोखरीच व्याजासकट घेतली. त्र्यंबकास आकडा १७ होता, नाशिकास घराच्या फाटकाशी ५. त्या दोन तासांत गाडीत कोणी फारसे बोलले नाही; कुटुंबाने तेवढे मनात रामरक्षा म्हटली असावी.

मेहुणे आठवड्याने मस्कतेस गेले. गेल्या महिन्यात त्यांचे सविस्तर पत्र आले. तेथे त्यांनी तीन कारखान्यांत चौकशी केली. दोघांनी त्या गाडीस हात लावावयासच नकार दिला. तिसऱ्याने, आणा, पाहू, एवढे म्हटले. मुलाशी एका रात्री दोन तास बोलणे झाले. तो रागावेल अशी भीती होती, पण तो म्हणाला, “बाबा, हे मला आधीच का नाही विचारलेत?” गाडी अद्याप अमेरिकेतच एका मित्राच्या अंगणात उभी आहे. पत्राच्या शेवटी मेहुण्यांनी विचारले आहे, की दाभोशास आता पाणी कितपत आहे, आणि तो पिकअपवाला पोरगा दिवाळीनंतर पहिली फेरी घेऊन गेला असेल का.